चौथ्या पाहुण्याचं माप

सोमवारी सकाळी हॉटेलची ईमेल आली. जपाननं प्रवाशांसाठी दारं उघडली आहेत, तेव्हा जानेवारीतलं आमचं बुकिंग आता नक्की धरायचं का, आणि धरायचं असेल तर चारही पाहुण्यांची माहिती तपासून शुक्रवारपर्यंत कळवाल का, असं ॲशलीनं विचारलं होतं. ॲशली ही होक्काइदोतल्या त्या हॉटेलात बुकिंग बघणारी ऑस्ट्रेलियन मुलगी. मी तिला कधी पाहिलेलं नाही, पण आमचा जवळजवळ तीन वर्षांचा पत्रव्यवहार आहे. दोनदा तिनं आमची सुट्टी पुढच्या हिवाळ्यात ढकलली आणि दोन्ही वेळा शेवटी 'नो वरीज' लिहिलं.

सोबत आमचा जुना फॉर्म होता. स्की आणि बूट हॉटेलच भाड्यानं देतं, म्हणून प्रत्येकाचं वय, उंची, वजन, बुटाचं माप आणि अनुभव त्यात भरायचा असतो. पहिली ओळ माझी, दुसरी माझ्या नवऱ्याची, सिद्धार्थची, तिसरी आमच्या मुलीची, मैथिलीची. ती तेव्हा नऊ वर्षांची होती, आता बारा पूर्ण होतील. चौथ्या ओळीत बाबा होते. भास्कर, वय एकाहत्तर, उंची एकशे त्रेसष्ट, वजन अठ्ठावन्न, बुटाचं माप साडेअठ्ठावीस सेंटिमीटर, अनुभव मध्यम.

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. एक ओळ पुसायची, एवढंच काम होतं. मी लॅपटॉप मिटला आणि कपडे मशीनला लावले.

बाबा पुण्याच्या सिमला ऑफिसात नोकरीला होते. वेधशाळेला पुण्यात याच नावानं ओळखतात. तेहेतीस वर्षं त्यांनी देशभरातून आलेले पावसाचे आकडे तपासले. सिमला ऑफिसात जन्म गेला आणि बर्फ पाहिला तो फ्रीजमधला, असं ते स्वतःच सांगत. ट्रिप जपानला काढावी हे मी सुचवलं, पण तिथला बर्फ एवढा कोरडा का, हे त्यांनी मला समजावलं. सायबेरियाचा वारा समुद्रावरून येतो, येताना पाणी उचलतो, डोंगराला थडकला की टाकून देतो. "मुठीत धरलास तर गोळा होणार नाही," ते फोनवर म्हणाले होते. "रांगोळीसारखा सुटेल."

आईला तेव्हाही विचारलं होतं. "घसरायला एवढं लांब कशाला जायचं? आपल्या बाथरूममध्ये घसरता येतं," असं म्हणून तिनं विषय संपवला होता.

जपानमध्ये बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये लागतं, म्हणून मी बाबांना पाऊल मोजायला सांगितलं. त्यांनी मोजलं नाही. बूट मागवताना आमच्याकडे नेहमी करायचे तेच केलं, कागदावर पाय ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. तो कागद फेब्रुवारी २०२०मध्ये पुण्याहून लीनाच्या आईबरोबर आला. लीना इथे सिडनीत आमच्याच गल्लीत राहते. चकल्यांच्या डब्यात, झाकणाखाली चार घड्या करून ठेवलेला. मी मोजलं तर अठ्ठावीसच्या वर. एवढ्याशा माणसाचं एवढं पाऊल कसं, असं मनात आलं, पण मी साडेअठ्ठावीस लिहून पाठवलं. महिन्याभरानं बोलता बोलता कळलं की त्यांनी लोकरीचे दोन पायमोजे एकावर एक घालून पाऊल काढलं होतं.

"बर्फात अनवाणी जाणार आहे का मी?" ते म्हणाले.

"अहो बाबा, पायमोजे ते धरूनच बूट देतात."

"मग कमी कर. आणि अनुभवापुढे नवशिका लिहू नकोस हं. बारक्या पोरांच्यात नेऊन बसवतील."

तोवर करोनामुळे सीमा बंद झाल्या होत्या. ट्रिप पुढे गेली आणि माप तसंच राहिलं.

एप्रिल २०२१मध्ये बाबा आठ दिवस हॉस्पिटलात होते. तेव्हा ऑस्ट्रेलियाबाहेर पडायला सरकारची परवानगी लागे. ती मिळाली असती, पण परत कधी येऊ देतील ते कुणी सांगेना. मैथिली दहा वर्षांची. मी अर्ज अर्धा भरला आणि ठेवून दिला. नवव्या दिवशी संजीवचा, माझ्या भावाचा, फोन आला. तो अर्धा अर्ज अजून माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. मी तो पुसलेला नाही आणि उघडलेलाही नाही.

मंगळवारी मी चार जणांचे हातमोजे जमिनीवर मांडले. मे महिन्यात ऑल्डी सुपरमार्केटच्या स्नो सेलला सकाळी साडेआठला रांगेत उभं राहून आणले होते. चार जोड्या. आणताना मला त्यात काही चुकतंय असं वाटलं नव्हतं. बुधवारी विमानतळावरून हॉटेलपर्यंतच्या बसचं वेळापत्रक उतरवून काढलं. मग ट्रेनचंही. मग मुलांच्या स्की-शाळेचे तास. बाहेर पाऊस थांबत नव्हता. ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात सिडनीनं वर्षभराच्या पावसाचा विक्रम मोडला होता, आणि ते मी कुणाला सांगावं हे मला कळत नव्हतं.

मैथिलीनं जेवताना विचारलं, "मम्, आर वी गोइंग ऑर नॉट? मला स्कूलमध्ये सांगायचंय."

"जातोय. फॉर्म भरायचा राहिलाय."

"यू'व्ह बीन फिलिंग इट सिन्स मंडे."

ती उठून गेल्यावर सिद्धार्थ म्हणाला, "चिन्मयी, तीन कर आणि पाठवून दे."

"खोली चार गाद्यांची आहे."

"मग चौथ्या गादीवर बॅगा ठेवू." माझ्याकडे बघून त्यानं आवाज खाली आणला. "नाहीतर आईंना विचार."

"ती नाही येणार."

"विचारलंस?"

मी पानं उचलली.

"त्या तुला आधी दुसरंच काहीतरी विचारतील, म्हणून तू विचारत नाहीयेस," तो म्हणाला आणि भांडी घासायला लागला.

या फेब्रुवारीत सगळं उघडलं होतं. गल्लीतली अर्धी घरं पुण्या-मुंबईला जाऊन आली. लीना तर दोनदा. मी दर पंधरा दिवसांनी पुण्याची तिकिटं उघडायची, तारखा बघायची आणि बंद करायची. जपानच्या बसचं वेळापत्रक मात्र मला तोंडपाठ होतं.

गुरुवारी दुपारी दोन वाजता, घरूनच काम चालू होतं त्यात, मी आईला फोन केला. पुण्यात साडेआठ वाजले होते. तिनं फोन डब्याला टेकवून ठेवला आणि गवार मोडायला घेतली. मला तिचे हात आणि अर्धा चेहरा दिसत होता.

"आई, जपानचं विचारायचं होतं. जानेवारीत. तू येतेस का?"

"ह्यांच्या जागी?"

"हो."

"ह्यांचं काय लिहिलं होतंस त्यात? पहिला वर्ग, दुसरा वर्ग?"

"मध्यम."

"मध्यम," आई म्हणाली. "स्कूटरवरून सिग्नलला दोनदा पडलेला माणूस." ती हसली. मग पुन्हा शेंगा मोडायला लागली. "विमानं फेब्रुवारीत सुरू झाली ना गं?"

"हो."

"संजीव म्हणाला होता." तिनं एक शेंग मोडली, बघितली आणि टाकून दिली. "तेव्हा नाही आलीस ते मला कळतं. पोर लहान, तिकडे अडकली असतीस. मी लोकांनाही तेच सांगते. आता का येत नाहीस ते मात्र कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही."

मी खिडकीकडे बघितलं. शेजाऱ्यांच्या जॅकरांडाची जांभळी फुलं पावसानं झडून चिखलात पडली होती.

"इथून मला ते अजून तिथेच आहेत असं वाटतं," मी म्हटलं. "मी घरी आले की नसतील."

"मला नाही वाटत तसं," आई म्हणाली. "मी इथेच असते."

तिचा आवाज चढला नव्हता. परात उचलून ती आत गेली, नळ सुटल्याचा आवाज आला, बंद झाला. मला वाटलं, ती आता फोन ठेवेल. मी ठेवायचा की नाही, हे मला ठरवता येईना.

ती परत आली. "बर्फात साडी चालत नसेल."

"नाही. कपडे तिथे भाड्यानं मिळतात."

"आणि पडलं तर?"

"सगळेच पडतात. व्हिसाचं मी बघते. फक्त तुझ्या पायाचं माप लागेल."

"पाठवते," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासानं फोटो आला. कॅलेंडरचं सप्टेंबरचं पान उलटं करून त्यावर पाऊल काढलं होतं. पायमोज्यांशिवाय, पाचही बोटं वेगवेगळी. कडेला तिनं 'उजवा' असं लिहिलं होतं. मी फोटो मोठा केला, लहान केला. स्क्रीनवर पाऊल कधी मैथिलीएवढं होत होतं, कधी हत्तीएवढं. मी पुन्हा फोन लावला.

"आई, फोटोवरून माप नाही कळत. पट्टीनं मोजून सांग ना. टाचेपासून अंगठ्यापर्यंत."

"पट्टी ह्यांच्या टेबलाच्या खणात आहे."

"मग घे की."

"तो खण मी उघडलेला नाही," आई म्हणाली. "संजीव उघडू का म्हणाला, त्यालाही नको म्हटलं. ऑफिसातले कागद, डायऱ्या, काय काय आहे. त्यातलं सगळं हे तुझ्याशीच बोलायचे." मग ती म्हणाली, "पावलाचा कागद मी ठेवते जपून. तू ये, खण उघड आणि मोज."

शेजारच्या दुकानात पट्टी मिळते, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं.

"मैथिलीची शाळा डिसेंबरात सुटते," मी म्हटलं.

"मग डिसेंबरात ये. वीस रुपयांची गवार तीन दिवस पुरते मला एकटीला."

शुक्रवारी सकाळी कामाला बसायच्या आधी मी फॉर्म उघडला. चौथ्या ओळीत साडेअठ्ठावीसच्या जागी साडेपंचवीस केलं. बाबांच्या चपलेचा नंबर मला नेहमीच माहीत होता. 'मध्यम' तसंच राहू दिलं. थोडा वेळ ती ओळ तशी पाहिली आणि मग पुसली. तिथे चित्रलेखा लिहिलं, वय अडुसष्ट, अनुभव नवशिका. उंची आणि वजन अंदाजानं घातलं. बुटाच्या मापापुढे लिहिलं, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कळवते.

दहा मिनिटांत ॲशलीचं उत्तर आलं. नो वरीज, पण एवढा उशीर का, फक्त पाऊलच तर मोजायचंय, असं तिनं विचारलं होतं आणि पुढे एक हसरा चेहरा काढला होता.

मोजायला पुण्याला जावं लागणार आहे, असं मी तिला कळवलं. मग पुण्याच्या तिकिटांचं पान उघडलं आणि तीन नावं भरायला घेतली.