मोठ्या कळपाचं पाणी

बदलत्या जगात महासत्तेनं आपलं नेतृत्व कसं टिकवावं, यावर मला निबंध लिहायचा होता. स्पर्धा परीक्षेचा सराव म्हणून. कळंबहून सुट्टीला भूमच्या माळावर आले, तर इथं माझ्या आबांचंच नेतृत्व धोक्यात!

आबा, म्हणजे माझे वडील बिरदेव, मेंढ्या राखणाऱ्या सात घरांचे म्होरके. उद्या कुणाच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवायच्या हे ते ठरवणार आणि बाकीचे मागं चालणार, अशी वीस वर्षं गेली. यंदा त्यातल्याच बलभीमचा, आबांच्या भाच्याचा, कळप आमच्याएवढा झाला. शेतकरी त्यालाच थेट फोन करू लागले. "उद्यापास्नं मी येगळा," असं त्यानं सकाळी तोंडावर सांगून टाकलं. आणखी दोन घरं त्याच्या मागं जायच्या बेतात होती.

दुपारी आबांना निबंध वाचून दाखवला. सैन्य, व्यापार, चलन, तंत्रज्ञान, सगळं ठासून भरलेलं.

"समदं बराबर हाय," ते म्हणाले. "पर बाकीच्यांनी मागं का यावं, ते कुठं लिव्हलंय?"

मला रागच आला. शाळेची पायरी न चढलेल्या माणसानं नेमकं दुखतं तिथं बोट ठेवलं होतं.

चारच्या सुमाराला वीज आली, बोअर सुरू झाली. आमच्यात मोठा कळप शेवटी पितो. तो आधी घुसला तर हौदात लहानांसाठी नुसता गाळ उरतो. आज दोन कळप सारखे, मग शेवटी कुणी प्यायचं? बलभीम अवघडून लांब उभा होता.

"बलभीमा, सोड तुझी मेंढरं!" आबांनी हाक मारली.

"आबा, तो आपल्याला सोडून चाललाय!" मी म्हणाले.

"म्हून काय त्याच्या मेंढरास्नी तहान न्हाय व्हय?"

बलभीमचा कळप प्याला. आमची पन्नासेक मेंढरं पितात न पितात तोच वीज गेली, हौदात गाळच उरला. मी आबांवर भडकले. ते तहानलेली मेंढरं घेऊन कोसभरावरच्या विहिरीकडं निघाले.

शंभर पावलं गेलो असू, तर बलभीम धावत आला. मागं राहिलेली आमची मेंढरं त्यानं वळवून आणली.

"मामा, उद्या कुठं जायचं?" त्यानं खाली मान घालून विचारलं.

"आधी पाणी पाजू. मग सांगतो."

मी वळून पाहिलं. न बोलावता सगळी घरं आमच्यामागं विहिरीकडं निघाली होती. हा माझा बाप! माझा ऊर भरून आला आणि मी मान ताठ करून त्यांच्या शेजारून चालू लागले.