तेल कुठे मोजायचं

डागमास्तर हे नाव त्यांना बस डेपोतल्या मंडळींनी ठेवलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी गळक्या रेडिएटरांना कथलाचे डाग दिले. त्यातला एकही उकलून परत आला नाही, असं ते स्वतः कधी सांगत नसत, पण दुसरं कुणी सांगू लागलं तर त्याला थांबवतही नसत. असा माणूस एकाहत्तराव्या वर्षी खोटेपणा करायला निघाला, तेव्हा त्याने तोही सफाईने केला. जरा गचाळ केला असता तर बिचारा लवकर सुटला असता.

खोटेपणा एका विमानाच्या बाबतीत होता. विमान म्हणजे काही मोठं नव्हे. दोन माणसं खेटून बसतील एवढं, गावाबाहेरच्या शेडमध्ये घरीच बांधलेलं. बांधायला घेतलं होतं त्यांच्या मुलाने. इंजिन त्याने भंगारात निघालेल्या एका गाडीचं आणलं होतं, रोटरी जातीचं. या इंजिनात वरखाली धावणारे पिस्टन नसतात. तीन कोपऱ्यांचा एक जाडजूड लोखंडी रोटर आत गरगरत असतो. बाहेरची भिंत पाण्याने गार ठेवता येते, पण फिरत्या रोटरच्या पोटात पाणी पोचत नाही. तिथे तेलच जातं, आणि आतली धग घेऊन बाहेर येतं. म्हणून या इंजिनात तेल गार करणं हे पाणी गार करण्याइतकंच जिवाचं काम. तेल फार तापलं की पातळ होतं, पातळ झालं की बेअरिंग घासून जाम होतं, आणि मग इंजिन थांबतं. गाडी असेल तर माणूस शिव्या देत कडेला उतरतो. विमानाला कडा नसते.

मुलगा दोन वर्षांपूर्वी रक्ताच्या आजाराने गेला. विमान तेव्हा निम्मं झालेलं होतं. उरलेलं दोघांनी पुरं केलं: डागमास्तरांनी आणि त्यांच्या सुनेने. सून शेतांवर औषध फवारायचं विमान चालवायची, त्यामुळे पहिलं उड्डाण तीच करणार हे ठरलेलंच होतं. सासरे-सुनेचं चांगलं जमायचं. ती त्यांच्या चहात साखर कमी घालायची आणि ते तिची पाठ वळली की वाढवायचे, एवढंच काय ते दोघांतलं वैर.

शेडमध्ये एक रीत होती, मुलाने घालून दिलेली. कुठलाही नट पक्का आवळला की त्याच्यावरून खालच्या भागापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढायची. नट तसूभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. रेघेचा रंग ज्याच्या हाताचा त्याचा. बापाची पांढरी, बायकोची पिवळी, स्वतःची निळी. तो गेल्यावर सुनेने एक दिवस सगळ्या निळ्या रेघा मोजल्या आणि कामाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: निळ्या, बेचाळीस. त्याच दिवशी दोघांनी ठरवलं की निळी रेघ तोडायची वेळ आलीच तर एकट्याने तोडायची नाही. एकमेकांना सांगायचं आणि मग दोघांनी मिळून तोडायची.

आता त्या रविवारची गोष्ट. सून फवारणीला गेली होती. डागमास्तरांनी विमानाची शेपटी खांबाला साखळीने बांधली आणि पहिल्यांदाच इंजिन पूर्ण ताकदीवर सोडलं. तेलाच्या तापमानाच्या काट्यावर शंभर अंशांना मुलाने लाल खूण करून ठेवली होती. दुसऱ्या मिनिटाला काटा खुणेवर आला. चौथ्या मिनिटाला एकशे अठरा झाले, तसं त्यांनी इंजिन बंद केलं आणि स्टुलावर बसून राहिले.

दोष कुठे आहे हे शोधायला त्यांना दहा मिनिटंही लागली नाहीत. तेल गार करणारा रेडिएटर चांगला होता, पुरेसा मोठा होता. त्याच्यापर्यंत वारा नेणारा पत्र्याचा गळा चुकला होता. तोंड अरुंद, आणि पुढे वीतभर जागेत एकदम फाकलेला. असा एकदम फाकलेला गळा वारा पसरवत नाही. वारा मधोमध घुसतो आणि कडेची जाळी वाऱ्यावाचून कोरडीच राहते. डेपोत नव्याने लागलेल्या माणसाने असं काम केलं असतं तर मास्तरांनी तो पत्रा त्याच्यासमोर कापला असता.

पण हा गळा मुलाने केला होता, शेवटच्या उन्हाळ्यात. तेव्हा त्याला उभं राहवत नव्हतं. याच स्टुलावर बसून, पत्रा मांडीवर घेऊन, त्याने एकेक रिव्हेट ठोकलं होतं. पहिल्या रांगेत रिव्हेटं सुतासारखी सरळ होती. शेवटच्या रांगेत ती हळूहळू खाली उतरत गेली होती, कारण हात थरथरायला लागले होते. त्यानंतर त्याने हातात हातोडी धरली नाही. डागमास्तरांनी कातर हातात घेतली, गळ्याच्या कडेला लावली, आणि परत ठेवून दिली. असं तीनदा झालं.

मग मनाने वकिली सुरू केली. वर गेल्यावर वारा भरपूर मिळेल. जमिनीवर उभं राहून काय कळतं? हे खोटं आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. बस सपाटीवर उकळत नाही, चढावर उकळते. ताकद पुरी लागते आणि वेग कमी असतो, तेव्हाच. विमानही आधी चढच चढतं. पण मन एकदा तयार झालं की पुराव्याला विचारतो कोण.

इंजिनातून तापून निघालेलं तेल रेडिएटरात शिरतं, त्या जागी तापमान घेणारा सेन्सर बसवला होता. रेडिएटरातून गार होऊन तेल परत निघतं, तिथे तसंच एक भोक होतं, बूच मारलेलं. डागमास्तरांनी सेन्सर काढून तिकडे लावला आणि बूच इकडे. तार जुन्याच पट्टीखालून फिरवली. इंजिन पुन्हा चालवलं, तर काट्याने चौऱ्याण्णव दाखवले. तेल होतं तेवढंच तापलेलं होतं. फक्त आता ते गार झाल्यावर मोजलं जात होतं, आणि लाल खूण मात्र होती तिथेच होती.

सेन्सर आणि बूच, दोन्हीवर निळी रेघ होती. दोन्ही तुटल्या. डागमास्तरांनी मुलाच्या डब्यातून निळ्या रंगाची बाटली काढली. रंग आळून घट्ट झाला होता, म्हणून थोडं थिनर घातलं, आणि मुलाच्या बारीक ब्रशने दोन निळ्या रेघा ओढल्या. मुलगा ओढायचा तशाच, टोकाला किंचित वळवून.

सोमवारी उड्डाणाची परवानगी देणारे निरीक्षक आले. त्यांनी कागद पाहिले, इंजिन चालवून पाहिलं, काटा पाहिला, आणि सही केली. जाताना म्हणाले, "इतकं नीट काम हल्ली बघायला मिळत नाही, मास्तर." डागमास्तरांनी मान डोलावली. त्या दिवशी त्यांनी चहात साखर घातली नाही.

मंगळवारी सुनेने सगळं विमान हात लावून तपासलं. बुधवारी, गुरुवारी ती कामावर गेली, आली, जेवली, हसली. फक्त शुक्रवारी भाजी चिरताना तिने एकदा विचारलं, "बाबा, झोप लागत नाही का तुम्हाला?"

"वय झालं," डागमास्तर म्हणाले.

"वय काय या रविवारीच झालं का?"

ते हसले आणि ताटं घ्यायला उठले. सांगायला जागा होती, वेळ होता, समोर माणूसही आपलंच होतं. पण सांगायचं म्हणजे निळ्या रेघेचंही सांगावं लागणार, आणि ते तोंडातून निघेना. तापमानाची चूक कबूल करता आली असती. मेलेल्या मुलाची सही आपण केली, हे सुनेला कुठल्या तोंडाने सांगायचं?

शनिवारी सकाळी आभाळ स्वच्छ होतं आणि वारा पडलेला होता. दोघांनी विमान ढकलत धावपट्टीच्या टोकाला नेलं. सून एकेका रेघेवर बोट फिरवत भोवती हिंडली. इंजिनाचं झाकण उघडल्यावर तिचं बोट सेन्सरवरच्या निळ्या रेघेवर आलं, जरा थांबलं, आणि पुढे गेलं. तिला कळलं नाही असं डागमास्तरांना वाटलं, आणि त्याने बरं वाटण्याऐवजी ते जास्तच घाबरले.

ती आत बसली. पट्टे आवळले, टोपी घातली. इंजिन सुरू करण्याआधी एक प्रश्न विचारायचा, हीसुद्धा मुलाचीच रीत. कितीही क्षुल्लक चाचणी असली तरी तो विचारायचाच, आणि बापाने उत्तर द्यायचं, "काही नाही, कर सुरू." गेली दोन वर्षं सून विचारत आली होती.

"बाबा, काही राहिलंय का?"

डागमास्तरांनी पंखाची कड धरली होती. समोर पट्टी होती, पट्टीपलीकडे झाडी, आणि झाडीवरून चढत जाताना इंजिन अगदी पुऱ्या ताकदीवर असणार होतं. एकशे अठरा, मग एकशे तीस. आत काटा शहाण्यासारखा कमीच दाखवत राहील आणि ती त्याच्यावर भरवसा ठेवून चढत राहील. एक तर गेला. त्याच्या हातचा पत्रा जपायला आपण ही दुसरी पाठवतोय.

"राहिलंय," ते म्हणाले. मग पंख सोडून पुन्हा म्हणाले, "राहिलंय, पोरी. उतर खाली."

तिने काही न विचारता पट्टे सोडले. ती उतरून समोर उभी राहीपर्यंत त्यांनी बोलायला सुरुवातही केली होती. एकशे अठरा सांगितले, गळा सांगितला, सेन्सरची अदलाबदल सांगितली. मग खाली बघत म्हणाले, "आणि रेघा मी मारल्या. निळ्या. त्याच्या ब्रशने."

"ठाऊक आहे," सून म्हणाली.

डागमास्तरांनी वर पाहिलं. तिने खिशातून एक फ्यूज काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. इंजिनाचा मुख्य फ्यूज होता. "मंगळवारपासून माझ्याकडे आहे. बटण दाबलं असतं तरी काही झालं नसतं. थिनर घातलेला रंग फिका पडतो, बाबा. चाळीस रेघा एका रंगाच्या आणि दोन वेगळ्या. तुम्ही कोंबडं झाकून ठेवलंत, पण उजाडायचं ते उजाडलंच."

"मग मंगळवारीच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तुम्ही कबूल केलं असतंत आणि प्रकरण मिटलं असतं." तिने टोपी काढली. "उद्या या विमानात काही बिघडलं, तर मला विचारावं लागेल की तुम्ही आपणहून सांगाल? मला तेवढंच बघायचं होतं. चार दिवस वाट बघितली. शुक्रवारी तर मीच रडकुंडीला आले होते."

डागमास्तर रडले. चाळीस वर्षं डेपोत कुणी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आणि मुलाला पोचवून आले त्या दिवशी घरीसुद्धा नाही. सून त्यांचा हात धरून उभी राहिली, आणि मग दोघांनी विमान ढकलत परत शेडमध्ये आणलं. एवढंसं विमान, पण येताना जड लागलं.

गळ्याचे सहा नट दोघांनी मिळून सोडवले. कातर त्यांनी तिच्यापुढे धरली. "तू काप. माझ्याच्याने होत नाही."

"कापायचं कशाला?" सून म्हणाली. "आख्खा काढून ठेवू. त्याचं काम वाईट नव्हतं, फक्त जागा कमी होती. आणि बाबा, तो असता तर त्याने पहिल्या चाचणीलाच उपटून फेकला असता. तुमच्याकडे शिकलेला होता तो."

हे मात्र खरं होतं. मुलगा स्वतःच्या चुकीवर बापापेक्षा जास्त चिडायचा. डागमास्तरांना हे आठवायला हवं होतं, पण गेलेल्या माणसाचा पत्रासुद्धा आपण देव करून बसतो आणि त्याचा स्वभाव विसरतो.

नवा गळा करायला तीन आठवडे लागले. तोंड गोल, कड वळवलेली, आणि उतार इतका सावकाश की डागमास्तरांना इंजिनाचं झाकणच पुढे वाढवावं लागलं. गरम वारा बाहेर पडायची वाटही त्यांनी रुंद केली. रेडिएटरच्या जाळीवर लोकरीचे धागे चिकटवून पंख्याचा वारा सोडला, तेव्हा कोपऱ्यातले धागेही मागे ताठ उभे राहिले. सेन्सर मूळ जागी गेला, आणि निरीक्षकांना बोलावून डागमास्तरांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. निरीक्षकांनी जुनी सही खोडली, ताशेरे ओढले, तासभर इंजिन चालवलं, आणि नवी सही केली. या वेळी कौतुक केलं नाही.

उड्डाणाच्या सकाळी सुनेने विचारलं, "काही राहिलंय का?" आणि त्यांनी सांगितलं, "काही नाही, कर सुरू."

विमान झाडीवरून वर गेलं. डागमास्तर वायरलेस कानाला लावून उभे होते. ती दर मिनिटाला फक्त तेलाचा आकडा सांगत होती. शहाऐंशी. ब्याण्णव. शहाण्णव. अठ्ठ्याण्णव. मग पुढचं मिनिट जाता जाईना.

"अठ्ठ्याण्णव," ती म्हणाली. मग पुन्हा, "अठ्ठ्याण्णव. अजून चढतेय बाबा, पण काटा थांबलाय."

ती उतरल्यावर त्यांनी झाकण उघडून प्रत्येक सांधा बोटाने पुसून पाहिला. सगळे कोरडे होते. सेन्सरवर, बुचावर आणि गळ्याच्या सहा नटांवर पांढरी रेघ होती, शेजारी पिवळी. सुनेने वही काढली, पहिल्या पानावरचा बेचाळीस आकडा खोडला, आणि पेन त्यांच्या हातात दिलं. डागमास्तरांनी हाताने एकेक रेघ मोजली, घाई न करता, आणि लिहिलं: निळ्या, चौतीस. सगळ्या त्याच्याच हातच्या.