आवाज बंद करून

गेल्या जानेवारीतली गोष्ट. माझा जुना व्हीसीआर पिशवीत घालून मी पेणहून रोह्याला निघालो होतो. यंत्र बारा-तेरा वर्षं माळ्यावर पडून होतं. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने ते साफ करून दिलं, तरी वाटेत धक्का बसू नये म्हणून गाडीत मी ते मांडीवरच धरलं होतं.

मी महादेव, इंग्रजीचा निवृत्त मास्तर. एकवीस वर्षं रोह्याच्या शाळेत होतो, तेव्हा कुंडलिका नदीपलीकडे अष्टमीत राहायचो. शेजारी अब्बास मुकादम. तो कुवेतला सहा मजली इमारतीचा चौकीदार होता. नव्वद साली इराकी सैन्य घुसलं, तेव्हा हजारो लोकांबरोबर तोही बसने अम्मानला आणि तिथून विमानाने मुंबईला आला. येताना बाकी सगळं तिकडेच राहिलं. बॅगेत मात्र सात व्हिडिओ कॅसेट होत्या, जुन्या इंग्रजी टीव्ही कार्यक्रमांच्या.

त्या मी कितीदा पाहिल्या याला गणती नाही. एकीत हार्डवेअरचं दुकान चालवणारे भाऊ-बहीण होते. भाऊ उंच, बावळट. रोज काहीतरी तोडायचा आणि बहीण ते गिऱ्हाइकालाच विकायची. एकीत एक म्हातारा पावसात उभा राहून गुलाबाची कलमं कशी करायची ते सांगायचा. प्रत्येक कॅसेटवर निळ्या शाईने, बाईच्या तिरप्या अक्षरात कार्यक्रमाचं नाव आणि तारीख. अब्बास संध्याकाळची मगरीबची नमाज झाली की कॅसेट लावायचा आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद ठेवायचा. मी म्हणायचो, "अरे, निदान बोलणं तरी ऐकू दे, मी अर्थ सांगतो." तो म्हणायचा, "मास्तर, असाच बरा हाय." त्याच्या घरात ती एक खोड म्हणून सगळ्यांनी चालवून घेतली होती. कॅसेट कुठून आल्या विचारलं तर सांगायचा, सहाव्या मजल्यावरच्या डेरेक साहेबांनी निघताना भेट दिल्या.

त्याचा मुलगा नावेद अष्टमीत मोबाइलचं दुकान चालवतो. त्याने गंमत म्हणून त्या कॅसेटचे फोटो इंटरनेटवर, जुन्या ब्रिटिश कार्यक्रमांच्या शौकिनांच्या एका गटात टाकले. चौथ्या दिवशी इंग्लंडहून एका बाईचा निरोप आला. हे अक्षर माझ्या आईचं आहे, असं तिने लिहिलं होतं. तुमच्याकडे अब्बास नावाचं कोणी होतं का? तो जिवंत आहे का?

ती डेरेक साहेबांची मुलगी जूडिथ. अब्बासला भेटायला ती थेट भारतात यायला निघाली. नावेदला वाटलं, अब्बा खूश होतील. अब्बासने दोन दिवस जेवण सोडलं. मग म्हणाला, "येऊ दे. मास्तरला बोलव, नीट समजावून सांगायला. त्याचा व्हीसीआर पण आणायला सांग, आपला मोडला हाय."

मी पोचलो तेव्हा जूडिथ बाहेरच्या खोलीत बसली होती. साठीची, सडपातळ, पांढरे केस कापलेले. अब्बासच्या बायकोने, रशिदाभाभींनी, सकाळपासून स्वयंपाक मांडला होता, आतून तांदळाच्या भाकऱ्यांचा वास येत होता. अब्बास समोर खुर्चीत, धुतलेला सदरा, हात गुडघ्यांवर. मला पाहून तो उठलाही नाही.

नावेदने तारा जोडल्या. चित्र आधी थरथरलं, मग हार्डवेअरचं दुकान दिसलं. नावेदने सवयीने आवाज बंद केला होता. जूडिथने रिमोट मागितला आणि आवाज वाढवला. त्या खोलीत पहिल्यांदाच ती माणसं बोलली. बहिणीचा आवाज चांगलाच घोगरा निघाला. मागे लोकांचा हशा. उंच भावाच्या हातून शिडी काचेवर पडली तेव्हा जूडिथ मोठ्याने हसली, आणि हसता हसता तिने तोंडावर हात धरला.

"आई दर रविवारी हे रेकॉर्ड करायची," ती म्हणाली. मी मराठीत सांगत गेलो. "बाबांना तिकडे करमत नसे म्हणून पोस्टाने पाठवायची. मी तेव्हा शेजारीच बसलेली असायचे."

तिने सांगितलं ते आम्हाला नवीन होतं. सैन्याने शहरातल्या इंग्रजांना धरून न्यायला सुरुवात केली तेव्हा डेरेक साहेब फ्लॅटमध्येच लपून राहिले. घर रिकामं वाटावं म्हणून बाहेरच्या लोखंडी जाळीला अब्बास कुलूप लावायचा. रोज संध्याकाळी तो जिन्याने वर जायचा, जेवण आणि इन्सुलिन घेऊन. इन्सुलिन तो एका केरळी नर्सकडून मिळवायचा. मग दोघं पडदे ओढून कॅसेट लावायचे. खाली सैनिक होते म्हणून आवाज बंद. डेरेक साहेबांना संवाद पाठ होते, ते अब्बासच्या कानात कुजबुजायचे, आणि हसू आलं की दोघंही तोंडावर उशी धरायचे.

"हे सगळं बाबांच्या डायरीत आहे," जूडिथ म्हणाली. "लढाई संपल्यावर डायरी आम्हाला मिळाली. बाबा मात्र गेलेले होते. इन्सुलिन संपलं होतं." ती अब्बासकडे वळली. "त्यांना विचारा, ते वर यायचे थांबले त्या दिवशी सैनिकांनी त्यांना कुठे नेलं? मारहाण केली का? माझी आई मरेपर्यंत म्हणायची, त्या माणसाने आपल्यासाठी जीव दिला."

मी विचारलं. टीव्हीवर हशा चालू होता. नावेदने कॅसेट थांबवली.

अब्बास मराठीत बोलायला लागला, माझ्याकडे बघून.

"मना कोणी नेला नाय, मास्तर. सकाळी दहाला आपल्या लोकांनी सांगितला, बाराला बस हाय, एक जागा हाय. मी खोलीत गेलो, बॅग भरली. साहेबांनी कॅसेट दिवसा माझ्याकडे ठेवायला दिल्या होत्या, झडती झाली तर बायकोचा अक्षर जायला नको म्हणून. त्या घेतल्या. वर गेलो नाय."

मी जूडिथकडे वळलो. माझ्या तोंडून निघालं ते असं: त्यांना अचानक बसमध्ये बसवण्यात आलं. वर जायला त्यांना वेळच मिळाला नाही.

"नो," अब्बास म्हणाला. त्याने हात वर केला होता. "मास्तर, नो. राँग. आय हॅव टाइम. टू अवर. आय नॉट गो अप."

मी घाम पुसला. अब्बास पुन्हा मराठीवर आला. "आता बरोबर सांग. एक शब्द इकडचा तिकडे करू नको. वर गेलो असतो तर तो 'जाऊ नको' बोलला नसता. नुसता बघत राहिला असता. मग माझ्यानी जिना उतरवला नसता. नावेद चार महिन्यांचा झाला होता. मी त्याला बघितला नव्हता."

नावेद दाराला टेकून उभा होता. तो तिथेच खाली बसला.

"आणि किल्ली?" जूडिथने विचारलं.

"खिशात राहिली. बसऱ्याच्या अलीकडे हाताला लागली."

"मग तुम्ही कोणाला सांगितलं?"

"नाय."

"अम्मानला? तिथे तुमच्या वकिलातीची माणसं होती. रेडक्रॉस होतं."

"होते. चहा देत होते. मी रांगेत उभा होतो. बोललो तर मना मागे ठेवतील, चौकशी करतील, असा वाटला. एक दिवस गेला, दोन दिवस गेले. मग वाटला, आता सांगून काय उपयोग. मी सांगितला नाय. हिला पण नाय."

रशिदाभाभी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या, हाताला पीठ.

मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. माझं इंग्रजी त्या दिवशी शाळकरी पोरासारखं अडखळत होतं. जूडिथने ऐकून घेतलं, मग पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली एक छोटी वही काढली.

"हे मी आभार मानण्यासाठी आणलं होतं," ती म्हणाली. "वाचून दाखवायचं ठरवलं होतं. तरीही वाचतेच. तुम्ही प्रत्येक ओळ त्यांना सांगा."

तिने वाचलं आणि मी सांगत गेलो. पहिला दिवस, अब्बास आला नाही, कर्फ्यू असेल. दुसरा दिवस, आला नाही. इन्सुलिन अर्धंच घेतलं. चौथा दिवस, ब्रेड संपला, पाणी आहे. अब्बासला धरलं असेल तर ते माझ्यामुळे. सहावा दिवस, खाली दार वाजलं. तो नव्हता.

आठव्या दिवसाला तिने वही माझ्या हातात दिली. अक्षर वेडंवाकडं झालेलं होतं. मी वाचलं: ओरडलो तर सैनिक येतील. माझं काही नाही, मला आता डॉक्टर तरी मिळेल. पण कुलूप बाहेरून आहे. किल्ली कोणाकडे असायची ते विचारतील. तो कुठे लपला असेल तर शोधून काढतील. ओरडायचं नाही.

हे मराठीत सांगताना मी मध्येच थांबलो. अब्बास म्हणाला, "पुढे."

नववा दिवस: त्याचं बरंवाईट झालं असेल तर त्याच्या बायकोला कोण कळवणार? तिचं नाव रशिदा. मुलगा झालाय, फोटो दाखवला होता.

त्यापुढची पानं कोरी होती.

"माझा नाव हाय त्यात?" रशिदाभाभींनी विचारलं. मी हो म्हणालो. त्या आत गेल्या आणि नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला.

अब्बास रडला नाही. उठला, यंत्रातली कॅसेट काढली, सातही कॅसेट एका कापडी पिशवीत भरल्या आणि जूडिथसमोर ठेवल्या. ती म्हणाली, "मी आभार मानायला आले होते. आता काय करायचं ते मला कळत नाही." मी ते सांगितलं. अब्बासने मान हलवली. ती त्याच्याशी पुन्हा बोलली नाही. आत जाऊन मात्र तिने रशिदाभाभींचा ओला हात हातात घेतला, आणि दोघी थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. जेवण झाकलेलं तसंच राहिलं.

मी तिला रिक्षाने रोह्याच्या लॉजवर सोडायला गेलो. पिशवी तिच्या मांडीवर होती. पुलावर ती म्हणाली, "तुम्ही त्यांचे शब्द का बदललेत?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून," मी म्हणालो.

"मला?"

दुसऱ्या दिवशी ती मुंबईला गेली.

पंधरा दिवसांनी मी अष्टमीला पुन्हा गेलो. भाभी अब्बासला वेळेवर जेवण वाढत होत्या, औषध देत होत्या, पण त्याच्याशी बोलत नव्हत्या. नावेद दुकानातून उशिराच यायचा. बाहेरच्या खोलीत टीव्ही बंद होता.

"झोप लागते का?" मी विचारलं.

"नाय. तेव्हापण लागत नव्हती."

"मग सांगून काय मिळालं तुला? मी सांभाळून घेतलं होतं की."

"मना काय मिळायचा होता?" तो चिडून म्हणाला. "ती बाय चौतीस वर्षं मना शहीद समजून दुवा करीत होती. खोट्या माणसासाठी. आणि तिचा बाप माझ्यासाठी गप बसून मेला, ते तिला तरी कळायला नको?" मग म्हणाला, "मना ते माहीत नव्हता, मास्तर. तो ओरडला असेल असा मी समजत होतो. ओरडला असेल, कोणीतरी नेला असेल, वाचला असेल. एवढ्यावर मी इतकी वर्षं काढली."

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात अब्बास गेला. सकाळी उठलाच नाही. दफनाला मी होतो. संध्याकाळी नावेदच्या सांगण्यावरून मी जूडिथला पत्र लिहिलं, चार ओळींचं, त्याने ते त्याच्या फोनवरून पाठवलं. तिने ते वाचल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. नावेद महिनाभर फोन उघडून बघत असे. नंतर त्यानेही ते सोडून दिलं.