बिल्ला काढलेली बाई

साहेब, ती पाटी खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे तिच्यावर सही करताना तुम्हाला पक्कं ठाऊक होतं.

कंपाँग चामला मेकाँग नदीच्या काठी 'सोनेरी मासा' नावाचं बिअर गार्डन आहे. तिथे गल्ल्यामागे, काचेच्या चौकटीत ती टांगलेली आहे. जबाबदारीने दारू विकण्याचे नियम. नशेत असलेल्या गिऱ्हाइकाला आणखी देऊ नये. पोरासोरांना देऊ नये. गर्भार बाईला देऊ नये. आणि चौथा, सगळ्यांत ठळक अक्षरांत: बिल्ला लावून काम करणाऱ्या विक्रेतीने स्वतः दारू पिऊ नये, गिऱ्हाइकाने तिला पाजू नये. खाली दारूचे परवाने देणाऱ्या तुमच्या कचेरीचा शिक्का.

'बिल्ला लावून' हे दोन शब्द कुणी घातले, साहेब? आमच्या गावात बिअर विकणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल त्यांचा काय उपयोग होतो. गिऱ्हाईक हात पुढे करतं. मासे खाल्लेल्या तेलकट बोटांनी बाईच्या छातीवरचा नावाचा बिल्ला सोडवतं आणि टेबलावर ठेवून म्हणतं, "आता तू कामावर नाहीस. आता तू आमची पाहुणी." बाई पिते. मग त्याच बोटांनी बिल्ला परत लावायचा. एका पाळीत दहादा. नियम जागच्या जागी, आणि बाई ओकायला मोरीत.

फल्ला हे काम सोळा वर्षं करत होती. वय अडतीस. लग्न झालं नाही, कारण बिअरवालीला मागणी घालतो कोण? धाकटा भाऊ थायलंडात बांधकामावर. त्याची बायको चान्थू इथे, सासूजवळ. चान्थूला या कामावर आणलं फल्लानेच. शिकवलंही तिनेच. कामावर जाण्याआधी चरबी घातलेली पेज प्यायची, म्हणजे पोटाला आतून लेप बसतो. पेल्यात बर्फाचे मोठाले खडे टाकायचे, म्हणजे बिअर कमी मावते. एक घोट प्यायचा, दुसरा तोंड पुसताना रुमालात सोडायचा. अशा विद्या आमच्या बायका लेकीसुनांना शिकवतात.

पण रुमाल किती पिणार? जो घोट राहिला तो फल्लाच्या यकृताने प्यायला. गेल्या वर्षापासून तिचं पोट फुगत चाललं होतं. बिअर कंपनीच्या लाल झग्याची चेन लागेना, तेव्हा चान्थूने बाजूला कापडाची पट्टी जोडून दिली. गिऱ्हाइकं विचारायची, "कितवा महिना गं?" आणि टेबल हसायचं. मग पोट बघत बघत तिलाच पेला द्यायची.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली आणि साध्या शब्दांत सांगितलं, "आता एक पेलासुद्धा नाही. आत रक्तवाहिन्या फुगल्यात. फुटल्या तर इथवर आणेपर्यंतही वेळ मिळणार नाही."

फल्ला थेट व्यवस्थापकाकडे गेली. सारेथ त्याचं नाव. तो म्हणाला, "बुधवारी कचेरीचं शिबिर आहे आपल्याकडे. सगळ्यांत जुनी तू. तू स्टेजवर उभी राहा, प्रमाणपत्र घे, फोटो होऊ दे. गुरुवारपासून तुला स्वयंपाकघरात टाकतो. भाज्या चिर, मासे साफ कर. कुणी पेला देणार नाही."

म्हणजे एकच दिवस काढायचा होता. एक दिवस कोरडं राहायचं, की बाई वाचली.

बुधवारी सकाळी फल्लाच्या आईने नेहमीसारखी पेज पुढे ठेवली. वर चरबीचा तवंग.

"आज चरबी कशाला, आई? आज प्यायची नाहीये."

"असू दे पोटात. तुमच्या त्या जागेचा काय भरवसा?"

"अहो आई, आज तर दारू नीट कशी विकावी तेच शिकवायला येणार आहेत," चान्थू झग्याला इस्त्री करता करता म्हणाली. "साहेब स्वतः येणार. चौथा नियम त्यांनीच काढलाय. ते कसे पाजतील?"

"साहेब लोक शिकवून झाल्यावर जेवतात का?" म्हातारीने विचारलं.

"जेवतात की."

"मग खा चरबी."

दोघी हसल्या. म्हातारी हसली नाही.

साहेब, तुम्ही दहाला आलात. पांढरा सदरा, बरोबर पाच माणसं. अठ्ठावीस बायका लाल, हिरव्या, निळ्या झग्यांत, ज्या त्या कंपनीच्या रंगात, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. तुम्ही चांगलं बोललात, हे मी नाकारत नाही. नशेच्या चार खुणा सांगितल्यात: डोळे लाल, जीभ जड, आवाज चढलेला, तोल गेलेला. "दोन खुणा दिसल्या की विक्री बंद," म्हणालात. "गिऱ्हाईक कितीही मोठं असो. नम्रपणे, हात जोडून, पण नाही म्हणजे नाही. कायदा तुमच्या पाठीशी उभा आहे." चान्थूने हे सगळं वहीत उतरवून घेतलं. तिला ते खरं वाटलं. सव्वीस वर्षांची आहे, वाटणारच.

मग 'आदर्श विक्रेती' म्हणून फल्लाचं नाव पुकारलं. तुम्ही तिच्या गळ्यात फुलांचा हार घातलात. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे होते आणि तुम्ही त्यांच्यापासून वीतभर अंतरावर उभे होतात. फोटोत तुम्ही हसताय.

बाराला जेवण लागलं. खुर्च्या सरकल्या, टेबलं जोडली गेली, भाजलेलं गोमांस आलं, तळलेले मासे आले, बर्फाच्या बादल्या आल्या. आणि ज्या बायका अर्ध्या तासापूर्वी विद्यार्थिनी होत्या त्या उठून बिअर ओतायला लागल्या. त्यांना सांगावंही लागलं नाही. तुम्ही अडवलंतही नाही.

आमच्याकडे एकट्याने घोट घ्यायची रीत नाही. दर घोटाला पेले भिडवायचे. मोठ्या माणसाने पेला उचलून "शंभर!" म्हटलं की समोरच्याने तळ दिसेपर्यंत रिकामा करायचा, दोन्ही हातांनी धरून, आपला काठ त्याच्या काठापेक्षा खाली ठेवून. नाही म्हटलं तर मोठ्या माणसाचं तोंड काळं केल्यासारखं होतं. तुमचं टेबल एक वाजेपर्यंत वीस वेळा शंभर म्हणालं. टेबलाखाली हाडं, चघळून थुंकलेल्या शिरा आणि ओले कागदी रुमाल यांचा चिखल झाला होता. तुमच्यातला एक जण उठून कुंडीत ओकला, तोंड पुसून परत येऊन बसला, आणि त्याला टाळ्या मिळाल्या.

मग तुम्ही हाक मारलीत, "आमची आदर्श विक्रेती कुठाय? बोलवा तिला. तिच्याबरोबर एक शंभर झालंच पाहिजे."

फल्ला आली. हात जोडून म्हणाली, "नको साहेब. मी कामावर आहे."

"अरे वा! धडा पाठ आहे बाईला," तुम्ही म्हणालात. सगळे हसले.

"नको साहेब, खरंच. माझी तब्येत बरी नाही."

"कितवा महिना?" कुंडीत ओकलेला बोलला.

"नको. डॉक्टरांनी मनाई केलीय."

तेव्हा तुम्ही हात पुढे केलात. सकाळी ज्या हाताने हार घातलात त्याच हाताने तिच्या छातीवरचा बिल्ला सोडवलात. पिन कापडात अडकली, तुम्ही ओढलीत, झग्याला भोक पडलं. बिल्ला माशाच्या ताटलीत टाकून म्हणालात, "झालं. आता तू कामावर नाहीस. आता सरकारची पाहुणी."

तुमचा नियम होता, साहेब. त्याच्यातलं भोकही तुमचंच. ते वापरायचं कसं हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

फल्लाने सारेथकडे पाहिलं. तो तिच्या कानाशी आला. "उद्यापासून स्वयंपाकघर हवंय ना? मग एक घे नि सुट."

तिने एक घेतला. एकाचे दोन झाले, कारण तुमच्या डाव्या हाताला बसलेल्याचाही मान राखायला हवा होता. तिसरा भरताना चान्थू पुढे आली आणि तिने तुमच्यासमोरची बिअरची बाटली उचलून स्वतःच्या पाठीमागे धरली.

"साहेब," ती हात जोडायला बघत होती, पण एका हातात बाटली होती. "तुमचे डोळे लाल झालेत. जीभ जड झालीय. दोन खुणा झाल्या. आता या टेबलाला विक्री बंद. माफ करा."

आधी सगळे हसले. मग तुम्ही हसायचं थांबलात, तसे सगळे थांबले.

"कोणाला बोलतेस तू?"

"तुम्हीच म्हणालात, गिऱ्हाईक कितीही मोठं असो."

"ए सारेथ," तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणालात, "ही कुठून उचलून आणलीस? हिला आईबापांनी काही शिकवलं नाही?"

सारेथने चान्थूचा दंड धरला. "बाटली दे. पाया पड साहेबांच्या. नाही तर आत्ता चालती हो, आणि नणंदेलाही घेऊन जा. स्वयंपाकघर विसरा!"

"नाही देणार. वहीत लिहिलंय माझ्या. दाखवू?"

आणि इथे फल्लाने ते केलं जे सोळा वर्षांत तिला शिकवलं गेलं होतं. आमच्याकडे धाकट्याने आगळीक केली तर थोरल्याने भरला पेला रिकामा करून माफी मागायची असते. तिने टेबलावरचा तुमचाच पेला दोन्ही हातांनी उचलला. "पोर आहे साहेब, नवी आहे. तिचं मनावर घेऊ नका," म्हणाली. पेल्यात बर्फ नव्हता. चान्थू "ताई, नको!" म्हणून ओरडली, पण तोवर तळ दिसला होता. फल्लाने पेला उलटा धरून दाखवला, एक थेंब पडला नाही. तुमचं टेबल खूश झालं. तुम्ही म्हणालात, "याला म्हणतात वळण."

फल्ला स्वयंपाकघराच्या दाराशी पोचली. तिथे बायकांना ओकायला एक निळी बादली ठेवलेली असते. परवाना देताना ती तुमच्या माणसांनी पाहिली आहे, विचारलंही आहे, आणि "भाजीच्या देठांसाठी" हे उत्तर मान्यही केलं आहे. त्या बादलीत पहिली बिअर पडली आणि मग रक्त. काळपट, गाठीगाठींचं, थांबेचना. चान्थूने तिला मांडीवर घेतलं. फल्ला एवढंच म्हणाली, "झगा खराब होतोय गं तुझा."

रिक्षा आली तेव्हा बाहेर तुमच्या गाड्या आडव्या लावलेल्या होत्या. किल्ल्या ज्यांच्या खिशात होत्या त्यांना उभं राहता येत नव्हतं. चान्थू आणि दोन आचाऱ्यांनी फल्लाला उचलून रस्त्यापर्यंत नेलं. दवाखान्याच्या फाटकात डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली, आणि सोडली.

तुमच्या कचेरीच्या कागदावर लिहिलंय: जुनाट आजाराने मृत्यू, मयत घटनेवेळी कामावर नव्हती.

म्हातारीने त्या दिवशीची भांडी तीन दिवस घासली नाहीत.

आणि तेराव्या दिवशी चान्थूला तुमचं पत्र आलं. 'सन्माननीय ग्राहकाचा अवमान करणे व विनाकारण विक्री नाकारणे' याबद्दल तिचं विक्रेतीचं प्रमाणपत्र रद्द का करू नये, याची सुनावणी. ती गेली. सासू बरोबर गेली. टेबलामागे तुम्हीच बसला होतात. तक्रारदारही तुम्हीच, न्यायाधीशही तुम्हीच, आणि टेबलावर पाण्याचा स्वच्छ पेला.

"लेखी माफी दे, प्रकरण मिटवतो," तुम्ही म्हणालात. आवाजात मोठेपणा होता.

चान्थू म्हणाली, "माफी ताईने मागितली. तुमच्यासमोर, तळ दिसेपर्यंत. आता आमच्या घरातून आणखी माफी निघणार नाही. प्रमाणपत्र ठेवा तुमच्याकडे. गावात अजून सव्वीस जणी आहेत, त्यांच्या घरी मी रोज जाणार आहे आणि एकच गोष्ट सांगणार आहे: बिल्ला असो नसो, पिऊ नका. कचेरीने विचारलं तर माझं नाव सांगा. पण त्याआधी मला एक विचारायचंय. ताई तीनदा 'नको' म्हणाली. तुम्ही हातभर अंतरावर होतात. ऐकू आलं होतं का?"

कारकुनाने लेखणी उचलली नाही. तुम्ही घड्याळ पाहिलंत आणि म्हणालात, "पुढचं प्रकरण घ्या."

पुढचं प्रकरण थांबेल, साहेब. बाहेर बाकावर म्हातारी अजून बसली आहे. तिला कायदा कळत नाही, कलम कळत नाही, पण हो आणि नाही कळतं. तिची मुलगी तीनदा 'नको' म्हणाली, ते तुम्हाला ऐकू आलं होतं की नव्हतं? उत्तर द्या.