उजव्या नाकपुडीची साक्ष

थोरल्या मुलीचं लग्न झालं, त्या वर्षी अत्तरवाल्याच्या मनात दुकानात हाताखाली असलेल्या धाकट्या भावाबद्दल पाल चुकचुकली. सकाळी घमघमणारी कुपी संध्याकाळी फिकी लागायची. वडिलांनी शिकवल्याप्रमाणे तो उजव्याच नाकपुडीने हुंगायचा.

"भेसळ कोणी केली रे?"

"दादा, शपथ! मी हातसुद्धा लावला नाही."

"मग काय भुताने केली?"

भाऊ घर सोडून गेला. त्यानंतर दोघांनी एकमेकांची खबर घेतली नाही.

पुढे सर्दीचं औषध देताना डॉक्टर म्हणाले, "नाकपुड्या पाळीपाळीने काम करतात. काही तास एक चोंदते, मग दुसरी."

सर्दी गेल्यावर एका संध्याकाळी अत्तरवाल्याने कुपी डावीने हुंगली. ती सकाळसारखीच घमघमत होती. तो तडक भावाकडे निघाला. दार भावजयीने उघडलं.

भाऊ तीन आठवड्यांपूर्वी, सोमवारी सकाळी वारला होता.