केल्विनच्या शेजारची जागा

मी एका जुन्या होल्डन गाडीतली पुढची सीट बोलतेय. स्टिअरिंगसमोरची नव्हे, तिच्या डावीकडची. मान सगळा ड्रायव्हरच्या सीटला. माझ्या नशिबी पिशव्या, तळलेल्या माशांचे गरम पुडे आणि बायकोची मतं. सध्या मी गाडीत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युरा गावात एका घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे गवत कापायच्या यंत्राशेजारी मला जमिनीवर ठेवलंय. दुसऱ्याला बसवणं हा माझा जन्माचा धंदा, आणि आता मीच बसून आहे.

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. आठवतं ते केल्विनचं घर. तो संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये यंत्रं दुरुस्त करायचा. ही गाडी त्याने ऐन उमेदीत घेतली आणि लेकरासारखी सांभाळली. स्टिअरिंग कुणाच्या हाती म्हणून दिलं नाही. त्याची बायको डेझली माझ्यावर बसायची. तिला गाडी चालवता येत होती, पण हिची चावी मिळत नव्हती. ती चपला काढून पाय वर घ्यायची, द्राक्षांच्या बिया खिडकीबाहेर थुंकायची आणि नवऱ्याला "हळू, हळू" म्हणायची. तो ऐकायचा नाही. बरे दिवस होते ते.

केल्विनच्या डोक्यात एकच खूळ होतं. गावाबाहेर ड्रॅग रेसची पट्टी आहे. सरळसोट डांबरी रस्ता, शेजारी शेजारी दोन गाड्या, दिवा हिरवा झाला की पाव मैल जीव खाऊन पळायचं. महिन्यातून एकदा तिथे घरच्या, रोजच्या गाड्यांनाही सोडतात. "हिला एकदा पळवणार, आणि सोळा सेकंदांच्या आत आणणार," असं तो दरवर्षी म्हणायचा. दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. शेवटी त्याचे डोळेच आडवे आले.

पूर्ण गेले नाहीत, मधलं तेवढं गेलं. सरळ बघावं तिथे राखाडी डाग, कडेचं मात्र दिसतं. लायसन्स परत करून आला त्या दिवशी त्याने चावी डेझलीच्या हातात दिली, गाडीला वळसा घातला आणि माझ्यावर येऊन बसला. इतक्या वर्षांत माझ्यावर तो पहिल्यांदाच बसत होता. पट्टा कुठे अडकवायचा तेही त्याला चाचपावं लागलं.

आधी मला वाटलं, बापडा सवयीने समोरचा रस्ता बघत बसतो. मान म्हणून हलवायचा नाही. मग माझ्या लक्षात आलं. तो समोर बघत असला की त्याच्या डोळ्याच्या उजव्या कडेला डेझली यायची. तिचं नाक, तिच्या कानातलं, वळण घेताना दातांत धरलेलं जिभेचं टोक. घरात ती टेबलापलीकडे बसली की तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता डाग. जरा तिरकं बघायला गेला तर ती म्हणायची, "मी बोलतेय आणि तू भिंतीकडे काय बघतोस रे?" माझ्यावर बसला की तिला पत्ता लागायचा नाही. तो पोटभर बघून घ्यायचा. तिला मात्र त्याने हे कधी सांगितलं नाही. असलं काही तोंडाने बोलायचं असतं हे त्याच्या गावीही नाही.

यंदा उन्हाळा सरताना डेझलीच म्हणाली, "केल, तुझी ती रेस मी पळवते."

"तू? जन्मभर माझ्या कानाशी हळू-हळू करणारी तू?"

"तुझ्या कानाशी करत होते. माझ्या कानाशी कोण करणार आहे?"

मग काय, तयारीला ऊत आला. केल्विन फळांच्या पालथ्या खोक्यावर बसून हुकूम सोडायचा आणि डेझली बॉनेटखाली वाकायची. "बॅटरी हलवून बघ. हलली ना? मग पट्टी आवळ, नाहीतर तपासणीवाले दारातूनच परत पाठवतील." तेल बदललं, ब्रेक बघितले, रेडिएटरचं उतू जाणारं पाणी जमिनीवर सांडू नये म्हणून बाटली बांधली. चाकांवरच्या शोभेच्या चकत्या निघाल्या. डिकीतून जॅक, जादा चाक, सहलीच्या खुर्च्या, एक विसरलेलं घोंगडं, सगळं बाहेर आलं.

शेजारचा नेव्हिल कुंपणावरून ओरडला, "डेझली, रेसला चाललीस का घर बदलतेस?"

"तुझ्या डोक्याइतकी हलकी करायचीय, नेव्ह. अजून बरंच काढावं लागेल!"

सगळे हसले. मीही मनातल्या मनात हसले. तेवढ्यात केल्विन म्हणाला, "आता डावी सीट काढ."

डेझली थांबली. "तुझी?"

"सीटवर काय माझं नाव लिहिलंय? रेसमध्ये शेजारी कुणी बसत नाही. फुकटचं ओझं."

"मग तू येणार कशातून?"

"नेव्हच्या यूटमधून. दे तो पाना इकडे."

बोल्ट त्यानेच काढले, बोटांनी चाचपून. डेझली मदतीला वाकली तर तिचा हात बाजूला सारला. शेवटचा बोल्ट निघाल्यावर तो माझ्या पाठीवर हात ठेवून जरा वेळ तसाच उकिडवा बसून राहिला. मला त्याचा राग आला नाही. पण वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

रेसच्या दिवशी केल्विनला टेकून बसता यावं म्हणून नेव्हने मलाही यूटच्या, म्हणजे त्याच्या टेम्पोवजा गाडीच्या, मागच्या उघड्या हौद्यात टाकलं. पट्टीच्या कुंपणाशी गवतावर मला मांडलं आणि केल्विन माझ्यावर बसला. गाडीच्या काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने नंबर लिहिलेला. डेझली लांब बाह्यांच्या सुती शर्टात, उसन्या हेल्मेटमध्ये.

"रेषेआधी पाणी टाकलेलं असतं, त्यात चाकं घाल आणि गरगर फिरव," केल्विनने बजावलं. "टीव्हीवर सगळे तेच करतात."

तिने नवऱ्याचं ऐकलं, आणि तिथेच फसली. टायरच्या खाचांत भरलेलं पाणी रेषेपर्यंत आलं, हिरव्या दिव्याला चाकं जागच्या जागी घसरली आणि शेजारची गाडी केव्हाच पुढे निघून गेली. सुटायच्या जागी उभा असलेला माणूस तिला म्हणाला, "बाई, ते पाणी गुळगुळीत टायरवाल्यांचं. तुम्ही वळसा घालून या." केल्विन खाली मान घालून बसला.

दुसऱ्या खेपेला ती वळसा घालून आली. केल्विनने तोंड पट्टीवरून जरा बाजूला फिरवलं, म्हणजे ती डोळ्याच्या कडेला येईल. दिवा हिरवा झाला. गाडी गेली ती त्याला किती दिसली देव जाणे. नेव्हने फळ्यावरचा आकडा ओरडून सांगितला, "पंधरा पूर्णांक नऊ!" केल्विन असा उसळला की माझ्या स्प्रिंगा करकरल्या.

डेझली हेल्मेट काखेत मारून धावत आली. "केल! आले सोळाच्या आत!"

आनंदाच्या भरात त्याने थेट तिच्या तोंडाकडे बघितलं. आणि तिथे काहीच नव्हतं. तो हसतच राहिला, पण मांड्यांवरच्या त्याच्या हातांच्या मुठी वळल्या होत्या.

घरी आल्यावर डेझली मला बसवायला निघाली, तर हाच म्हणाला, "राहू दे. पुढच्या महिन्यात परत काढायचीच आहे." तिला रेसची गोडी लागली, याला ती मोडवेना. आता बाजाराला जाताना तो मागे बसतो. नेव्ह त्याला "लाटसाहेब" म्हणून चिडवतो. मागून डेझलीचे केस दिसतात, चेहरा नाही.

काल नेव्हने मला मागितलं. त्याच्या यूटची सीट फाटलीय. "घेऊन जा," केल्विन म्हणाला. "नाहीतरी कोळीच राहतायत तिच्यात."

आज संध्याकाळी तो शेडमध्ये आला. चाचपत माझ्यावर बसला, पाठ टेकली आणि नेहमीसारखा समोर बघू लागला. उजवीकडे गवत कापायचं यंत्र होतं. तरी तो जेवणाची हाक येईपर्यंत हलला नाही.

डेझली, उद्या सकाळी नेव्ह यायच्या आत मला गाडीत बसव गं. मला फुकटचं ओझं म्हणा, माझी हरकत नाही. तू सोळाच्या आत नाही आलीस तर नाही आलीस. याला माझ्यावर बसव आणि संत्र्यांच्या बागांमधून हळू, अगदी हळू गाडी ने. तो समोर बघत बसेल, तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. तेव्हा तो रस्ता बघतोय असं समजू नकोस.