पहिल्या मिनिटाची पट्टी

“दादा जाऊन सहा वर्षं झाली, तरी त्याच्या गुडघ्यांचे एक्स-रे कपाटात मानाने बसलेत,” मंदा पुटपुटली. “आणि माझ्या चार साड्यांना जागा नाही!”

तिचं पुटपुटणं स्वयंपाकघरापर्यंत पोचेल इतकंच हळू असायचं. चहा गाळता गाळता गिरिजाने ते ऐकलं आणि सोडून दिलं. इंद्रलोक सोसायटीतल्या दोन खोल्यांत नणंदेबरोबर राहायचं तर एवढं बहिरेपण लागतंच.

बाहेर सोफ्यावर नीरज बसला होता. एकेकाळी प्रयोगशाळेत तिच्या हाताखाली शिकलेला, आता त्याच संस्थेचा संचालक.

“आपल्या प्रयोगशाळेच्या सरांना ऐंशी पूर्ण होतायत, मॅडम. गौरवग्रंथ काढतोय. तुमच्या आठवणी आम्हीच लिहून आणल्यात. फक्त सही हवी.”

आपल्या आठवणी गिरिजाने चष्मा लावून वाचल्या. बाहेरून आलेला निरोप पेशीच्या आत कसा पोचतो, ते शोधताना सगळे दहाव्या मिनिटाला पाहायचे आणि हात हलवत परतायचे. तो निरोप पहिल्याच मिनिटात उमटून विझतो, हे म्हणे सरांच्या द्रष्टेपणाला सुचलं.

द्रष्टेपण! तेव्हा तिच्या लेकाचं, अभिनवचं, पाळणाघर सहाला बंद व्हायचं. उशीर झाला की तिथल्या बाई त्याला चपला घालून पायरीवर बसवून ठेवायच्या. त्या संध्याकाळी दहा मिनिटं थांबायला गिरिजाला वेळच नव्हता. एका मिनिटातच तिने पेशी बर्फावर टाकून प्रयोग थांबवला आणि धावत सुटली. दुसऱ्या दिवशी फिल्मवर काळी पट्टी, निरोप पोचल्याची खूण! मग तिने मुद्दाम एक, पाच, दहा मिनिटं धरून पुन्हा केलं. शोधनिबंध छापून आला तेव्हा तिचं नाव शेवटी, आभारांत, टायपिस्टच्या शेजारी. “मूल लहान आहे, तुला ही धावपळ झेपली नसती,” सर म्हणाले होते. ती ‘हो सर’ म्हणाली होती.

“वहिनी, हा कुठला गुडघा? यात हाडच नाही!” मंदाने दारातूनच फिल्म खिडकीकडे धरली. “नुसत्या पट्ट्या. एका मिनिटाची काळीकुट्ट, दहाची कोरी. पण आकडे तुमच्या अक्षरातले नाहीत.”

नीरजने कप खाली ठेवला.

“माझ्या अक्षरातले आहेत,” तो म्हणाला. “घड्याळ मी धरलं होतं.” मग घाईने, “जुन्या गोष्टी, मॅडम. सर हल्ली आजारीच असतात. माणूस थोर.”

हे वाक्य इतकी वर्षं गिरिजाच्याही तोंडी होतं. नवऱ्याला तिने हेच सांगितलं होतं. अभिनवला तर काहीच नाही. पाळणाघराच्या पायरीचं ओझं पोराच्या डोक्यावर कशाला?

नीरजने पेन पुढे केलं. तिने ते घेतलं, टोपण लावलं आणि त्याच्या कागदांवर ठेवलं.

“सरांनी माझं काम चोरलं, नीरज,” ती म्हणाली. “आणि घड्याळ तुझ्या हातात होतं.”